पहाटेच्या वर्गातले प्यो साहेब

ओक्पो, ६ मार्च २०१६

प्रिय मोइरा मावशी,

तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नको, आणि कॉम्प्युटरला तू मेलीस तरी हात लावणार नाहीस. त्यामुळे ओक्पोच्या पोस्टात आता खिडकीशी उभी राहणारी मी एकटीच उरले आहे. तिथला माणूस मला दारात बघितलं की न विचारताच न्यूझीलंडची तिकिटं काढून ठेवतो.

माझं नेहमीचंच चाललंय. उजाडायच्या आत गोदीतल्या इंजिनियरांचा वर्ग, मग तळलेल्या कोंबडीच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत एक डुलकी, आणि दुपारपासून पोरं. परवा एका चिमुरडीनं भर वर्गात विचारलं, "टीचर, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या, मग लग्न का नाही केलंत?" मी म्हटलं, "म्हातारी झाले म्हणूनच अक्कल आली." सगळी पोरं खिदळली. आमच्या क्लासच्या मालकीणबाई, ग्वाक बाई, काचेतून बघत होत्या. वर्गातून हसणं ऐकू आलं की त्या खूश असतात, कारण बाहेर बाकड्यावर आया बसलेल्या असतात.

आता कामाचं. तुझ्या मागच्या घरात राहणाऱ्या मायलेकांचा धनी, म्हणजे प्यो सांगगिल, माझ्या पहाटेच्या वर्गात यायला लागलाय. दोन वर्षांपूर्वी मिरानला आणि त्या पोराला मीच तुझ्या गळ्यात मारलं, तेव्हा या गृहस्थांना 'गुड मॉर्निंग'च्या पुढे काही येत नव्हतं. इथे कोरियात असे बाप गल्लोगल्ली आहेत. बायको-पोराला इंग्रजीसाठी परदेशी धाडायचं आणि आपण एकट्यानं राबायचं. पिलांसाठी लांब उडणारे, म्हणून लोक त्यांना रानहंस म्हणतात.

प्यो साहेबांचं दुःख असं, की रविवारी फोनवर तोंड दिसतं, पण मुलगा कोरियनमध्ये एक अक्षर काढत नाही. बाप त्यांच्या भाषेत विचारतो, पोर इंग्रजीत उत्तर देतं. "टीचर, हानग्योल आपली भाषा विसरला," ते मला त्यांच्याच भाषेत म्हणाले, "तो काही परत यायचा नाही. मग मीच तिकडे जायला हवं." म्हणून पन्नाशीत पाटी-पेन्सिल घेऊन बसलेत. सध्या रग्बीचे शब्द पाठ करताहेत. चेंडू पुढे टाकला तर शिट्टी का होते हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगू, माझ्याही नाही.

घरचं इंटरनेट बिघडलं म्हणून त्यांनी रविवारसाठी आमचा रिकामा वर्ग मागितला. मी चावी दिली. गोदीचं राखाडी जॅकेट इस्त्री करून येतात, भिंतीवरची सफरचंद-केळ्यांची चित्रं उतरवतात, बोलणं झालं की पुन्हा जागच्या जागी लावतात. पोराला नेमकं काय आवडतं ते कळव. बिचाऱ्याला बोलायला विषय हवाय.

तुझी,
ब्रॉन्विन


मोटुएका, २९ मार्च २०१६

ब्रॉनी,

पोराला रग्बी मुळीच आवडत नाही. त्याला कोंबड्या आवडतात. माझ्या सगळ्या कोंबड्यांना त्यानं नावं दिलीत आणि त्यातली एक अंडं देत नाही तरी मला कापू देत नाही. हे बापाला सांग म्हणजे त्याचा घाम वाचेल.

बाकी पोरगा गुणी आहे. शाळेत पुढे, बोलण्यात मऊ, बूट काढल्याशिवाय आत यायचा नाही. पण त्या भाषेच्या बाबतीत तू म्हणतेस ते खरंय, ओठांवरून इंग्रजी मला लगेच कळतं. आई कोरियनमध्ये बडबडते, सगळं त्याला कळतं, आणि उत्तर मात्र इंग्रजीत. मिरान कधी कधी चिडते, "माझ्या पोटचं आहे की शेजारणीचं?" असं काहीतरी म्हणत असावी, हातवाऱ्यावरून तसं वाटतं. माझं मत विचारशील तर त्याला लाज वाटते. शाळेत पोरं डोळे बारीक करून चिडवतात, मग याला वाटतं, आपणही त्यांच्यातलेच होऊन जावं. वयच तसं. तुझा भाऊ नाही का बापाला बाजारात ओळख दाखवायचा नाही!

रविवारी मात्र गंमत असते. बापाचा फोन यायच्या आधी हा केस पाण्यानं बसवतो आणि हेडमास्तरांपुढे बसावं तसा ताठ बसतो. बाप पलीकडून "हाऊ वॉज युवर वीक" म्हणतो, हा "व्हेरी गुड, थँक यू" म्हणतो. मग दोघंही गप्प. मी त्या दोघांना बघून स्वयंपाकघरात निघून जाते.

सफरचंदं उतरवून झाली. गुडघा दुखतोय. तुझं लग्न झालं नाही ते बरंच झालं असं त्या पोरीला सांग.

मोइरा


ओक्पो, ८ जून २०१६

प्रिय मावशी,

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. मिरानच्या हाती लागता कामा नये.

गोदीचं काही खरं नाही. जहाजांच्या मागण्या आटल्यात आणि माणसांना घरी बसवायचा सपाटा लागलाय. माझ्या पहाटेच्या वर्गात पूर्वी खुर्च्या कमी पडायच्या, आता तिघंच येतात, आणि ग्वाक बाई माझ्याकडे असं बघतात जसं काही जहाजं मीच बुडवली. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे, म्हणून मी आपली गोड हसते.

त्या तिघांत प्यो साहेब असतात. तेच राखाडी जॅकेट. एवढे दिवस मी आंधळी होते बघ. परवा मासळीबाजारात आमच्या वर्गातला जुना विद्यार्थी बांग भेटला. त्याला मी सहज म्हटलं, प्यो साहेब मात्र नोकरी सांभाळून नेमानं येतात हो. त्यानं कोळंबीची पिशवी खाली ठेवली. "टीचर, कुठली नोकरी? त्यांना तर हिवाळ्यातच नारळ दिला. आमच्या सगळ्यांच्या आधी."

दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. जॅकेटवर जिथे गोदीचा बिल्ला शिवलेला असतो, तिथे चौकोनी गडद डाग आहे. बाकी कापड विटलंय, तेवढं नाही. आणि ते सगळा वेळ वही छातीशी धरून बसतात. मला वाटायचं, अभ्यासाची हौस.

वर्ग संपल्यावर मी दार लोटलं आणि विचारलं. इथे असं तोंडावर कोणी विचारत नाही, पण मी परकी, मला सगळं माफ. त्यांनी आधी खोकून घेतलं. मग म्हणाले, "इंटरनेट बिघडलं नाही टीचर. घरच सोडलं. बाजारामागे एक खोली घेतलीय, उशाला चूल आणि पायाशी मोरी. तिथून फोन केला तर मिरानला भिंत दिसेल."

मी म्हटलं, "मग सांगून टाका ना. येतील परत."

"परत?" असे हसले की मला नको झालं. "अर्ध्यात परत आणलं तर ना धड इकडचं ना धड तिकडचं. आईनं गावाकडे सगळ्यांना सांगितलंय, माझा नातू परदेशी शिकतोय. झाकली मूठ आहे टीचर, झाकलेलीच राहू दे."

आता दिवसा पार्सलं वाटतात. रविवारी इस्त्री करतात आणि माझ्या वर्गात साहेब होऊन बसतात. मी काय करू सांग.

ब्रॉन्विन


मोटुएका, २५ जून २०१६

ब्रॉनी,

काय करू म्हणून विचारतेस? हे पत्र घेऊन मी आत्ता अंगण ओलांडते आणि मिरानला सांगते, हेच करायला हवं. तुझं उत्तर येईपर्यंत थांबायचं असं मी ठरवलंय, पण माझा हात शिवशिवतोय.

इकडचं तुला माहीत नाही म्हणून सांगते. मिरानला इथे राहायचं नाही. कपडे धुवायचं यंत्र लावते आणि त्याच्या आवाजात रडते. तिला वाटतं मला कळत नाही. अगं, बहिऱ्या माणसाला डोळे असतात. मी एकदा तिच्या हाताला धरून विचारलं तर म्हणाली, "तो तिकडे आमच्यासाठी हाडं झिजवतोय, मी कोणत्या तोंडानं म्हणू की मला घरी यायचंय?" आणि तो तिकडे म्हणतो, मी कोणत्या तोंडानं बोलावू. दोघांनाही तोंडं आहेत, देवानं बोलायलाच दिलीत ना?

पोराचंही काही ठीक नाही. मिराननंच मला सांगितलं, ती त्याला सकाळी हसत म्हणाली, की काल तू झोपेत कोरियन बडबडत होतास. झालं. पोरगं पांढरंफटक पडलं. आईला शपथा घालायला लागलं, बाबांना सांगू नकोस म्हणून. मग माझ्याकडे येऊन विचारतो, "मिसेस रेनी, झोपेत बोललेलं मोजतात का?" मी म्हटलं, कोण मोजणार रे? तर तसाच कोंबड्यांकडे गेला. एवढी लाज स्वतःच्या भाषेची! मला वाईट वाटलं. आपणच शिकवतो हे यांना.

म्हणून म्हणते, येऊ दे सगळ्यांना आपापल्या घरी. मी सांगू का? हो की नाही तेवढं लिही.

मोइरा


ओक्पो, १२ जुलै २०१६

प्रिय मावशी,

नाही. पाया पडते, सांगू नकोस.

तुझं पटतं मला. पण मी इथे नऊ वर्षं काढलीत आणि एवढं कळलंय, की असल्या माणसाची लाज दुसऱ्यानं चव्हाट्यावर आणली तर तो पुन्हा मान वर करून बघत नाही. बायकोला बायामाणसांच्या पत्रातून कळलं, आणि तेही परदेशी बायकांच्या, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी.

आणि ते सांगणार आहेत. तुझं पत्र आल्यावर मी त्यांना एवढंच म्हटलं, की मिरानला घरची आठवण येते असं मावशी लिहिते. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "छुसकपर्यंत थांबा." छुसक म्हणजे त्यांचा सप्टेंबरातला सण, पितरांना जेवायला वाढतात तो. "मी दोघांना सांगेन. पण आधी हानग्योलला. त्याच्या भाषेत."

मी म्हटलं, तुमच्याच भाषेत सांगा, त्याला कळतं. तर मान हलवली. "कळणं वेगळं, टीचर. ज्या भाषेत तो मला उत्तरसुद्धा देत नाही, तिच्यात माफी कशी मागू?"

आता रोज वर्गानंतर आम्ही ते भाषण घोटतो. "माझ्या मुला, मी आता गोदीत नाही." इथून सुरुवात. एकेक शब्द दहादा म्हणतात. एकही चूक राहायला नको, पोरगा हसेल म्हणतात. पार्सलं उचलून उचलून हात थरथरतात, जिने चढून येतात तेव्हा दम लागलेला असतो. मी डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाले, "आधी भाषण."

कोंबड्यांचं मात्र सांगितलं हं मी. दुसऱ्या रविवारी त्यांनी प्रत्येक कोंबडीची खुशाली विचारली, आणि पोरगा पहिल्यांदा पुढे सरकून बसला म्हणे. हे मला सांगताना ते एवढे फुलले होते, की मी ग्वाक बाईंची बोलणी खाऊनही दिवसभर खुशीत होते.

ब्रॉन्विन


मोटुएका, २ ऑगस्ट २०१६

ब्रॉनी,

बरं. तोंड शिवून बसते. पण लिहून ठेव, मला हे आवडलेलं नाही. माणसाची मान राखता राखता माणूसच जायचा एखाद दिवशी.

मोइरा


ओक्पो, २० सप्टेंबर २०१६

प्रिय मावशी,

गोड बातमी आहे, पण तोंडावर बोट ठेव!

सणाच्या आधी प्यो साहेबांचं भाषण पूर्ण झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी न अडखळता म्हणून दाखवलं. मला रडू आलं, तर त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला, तोही इस्त्रीचा. मी विचारलं, सणाला गावी आईकडे जाणार ना? म्हणाले, नाही, या वर्षी गावी नाही. मी विचारलं, मग फोन इथूनच करणार? तर नुसते हसले. "असं काही फोनवर सांगायचं नसतं, टीचर."

सण झाला. गाव पुन्हा उघडलं. काल पहाटे वर्गात ते आले नाहीत, आजही नाहीत. एकदाही न चुकलेला माणूस! दुपारी त्यांच्या खोलीपाशी जाऊन आले. दाराच्या आत-बाहेर चिडीचूप, दारात पार्सलवाल्यांची हातगाडी उभी करून ठेवलेली. फोन बंद. विमानात फोन बंदच ठेवावा लागतो ना?

मावशी, मला वाटतं ते तुझ्याकडे यायला निघालेत. तुला हे पत्र मिळेल तोवर कदाचित तुझ्या ओट्यावर बूट काढत असतील. ते अवघडतील, म्हणून तूच आधी हात पुढे कर. आणि त्यांना ती अंडं न देणारी कोंबडी दाखव.

किती दिवसांनी बरं वाटतंय म्हणून सांगू!

ब्रॉन्विन


मोटुएका, १ ऑक्टोबर २०१६

ब्रॉनी बाळ,

तुझं वीस तारखेचं पत्र आज आलं. फाटकाशी उभं राहून वाचलं. मग तिथेच पायरीवर बसले, टपालवाला घाबरून पाणी आणायला धावला.

ज्या दिवशी तू हे लिहीत होतीस त्या दिवशी तो त्या दारामागेच होता, हे आता तुलाही ठाऊक आहे. मी लिहायला नको होतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्याकडून फोन आला तेव्हा मिरान भात लावत होती. मला काही ऐकू आलं नाही, वळले तर ती जमिनीवर. मग तुकड्या-तुकड्यानं कळलं. त्यानं हिला सांगितलं होतं, सणाला आईकडे गावी आहे, या रविवारी फोन नाही करणार. आईला सांगितलं, गोदीत काम निघालंय, येत नाही. तुझी समजूत झाली की तो विमानात आहे. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्या कोणाजवळ आहे. म्हणून कोणी शोधलंच नाही त्याला. घरमालकीण उरलेला सणाचा खाऊ द्यायला गेली म्हणून तरी कळलं.

डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

पोरगा रडला नाही. आईबरोबर कोरियाला निघताना कोंबड्यांना दाणे घातले, माझ्याशी हात मिळवला. मला तर त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तुला दोष देत नाही. जूनमध्ये मी अंगण ओलांडलं असतं तर, हे मात्र रोज रात्री मनात येतं. तू नाही म्हणालीस आणि मी ऐकलं. आयुष्यात मी कधी कोणाचं ऐकलं नव्हतं.

त्या पोराचं तिथे काय झालं ते लिही. सगळं लिही, मला सांभाळून घेऊ नकोस.

मोइरा


ओक्पो, १५ ऑक्टोबर २०१६

प्रिय मावशी,

लिहायला बसते आणि उठते, असं बरेच दिवस झालं. आज सगळं लिहिते.

इस्पितळाच्या तळघरात अंत्यविधीच्या खोल्या असतात. इथे तीन दिवस माणसं येत राहतात. समोर फोटो, फुलं, उदबत्ती. पाहुण्यानं फोटोला वाकायचं, मग घरच्यांना, मग पलीकडे बसून तिखट रस्सा-भात जेवायचा. आणि पाहुण्यांपुढे उभं राहायचं ते मुलानं. एकुलता एक मुलगा म्हणजे तोच यजमान, मग तो केवढा का असेना. हानग्योलला भाड्याचा काळा सूट घातला होता, बाह्या दुमडून, दंडावर पट्टी. मिरान भिंतीला टेकून होती, तिच्यात काही उरलं नव्हतं.

गोदीतली माणसं आली. बांग आला, पहाटेच्या वर्गातले सगळे जुने आले. प्रत्येकानं पोरापुढे गुडघे टेकून दोन शब्द बोलावेत, तर पोरगा इंग्रजीत "थँक यू फॉर कमिंग" म्हणायचा. माणसं दचकायची. काका लोकांच्या माना खाली गेल्या. शेवटी मिरानच्या दिरानं मला हाताला धरून पोराच्या मागे उभं केलं. "टीचर, तुम्ही याचं आम्हाला सांगा आणि आमचं याला सांगा." तर मी, वेलिंग्टनची बाई, एका कोरियन मुलाच्या बापाच्या मयताला त्याच्या आणि त्याच्या सख्ख्या माणसांच्या मध्ये दुभाषी म्हणून उभी. माझी मलाच शरम वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गावाहून आजीला आणलं. कंबरेत वाकलेली, हातभर बाई. लेकाच्या फोटोपुढे आधी तिनं जमीन बडवून घेतली. मग नातवाकडे सरकत आली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बोल रे," म्हणाली. "आजीशी बोल. माझं लेकरू कसं दिसायचं फोनवर? जेवत होता का तो?"

पोरानं इंग्रजीत उत्तर दिलं. म्हणाला, बाबा नेहमी म्हणायचे की जेवलो.

आजीनं हात काढून घेतले. "ह्याची जीभ कापली तिकडे!" ती ओरडली. "ह्या जिभेपायी माझा लेक गेला. घास घास तोडून दिला ह्याला, आणि हा बापाच्या मयतालाही परका बोलतो!"

पोरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी भाषांतर करावं म्हणून बघतोय. मी खोटंच सांगितलं. म्हटलं, आजी म्हणते, तू बाबांसारखा दिसतोस.

"नाही," तो हळूच म्हणाला. "तसं नाही म्हणाली. मला सगळं कळतं."

मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. विचारलं, मग बोलत का नाहीस बाळा? एवढं एक वाक्य तिच्याशी बोल.

तर तो म्हणाला, "मला परवानगी नाही."

मावशी, मला काही समजेचना. मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, विमानतळावर, आई रांगेत पुढे गेली तेव्हा बाबांनी त्याचे खांदे धरले होते. म्हणाले, आजपासून कोरियन बंद. एक शब्द नाही. आईशी नाही, माझ्याशीसुद्धा नाही. मी सांगेन तेव्हाच बोलायचं. आणि त्यानं कबूल केलं होतं.

"आधी आधी बाबा फोनवर कोरियनमध्ये विचारायचे," तो म्हणाला, "मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. मी फसलो नाही कधी. मग ते स्वतःच इंग्रजी बोलायला लागले. म्हणजे अजून बंदच आहे. मी दर रविवारी वाट बघायचो, आज सांगतील."

अगं, प्यो साहेब ते केव्हाच विसरले होते. निरोप देताना माणूस काहीबाही बोलतो तसं बोलले असतील. आणि मी त्या माणसाला पहाटे पहाटे बसवून इंग्रजी शिकवत होते. माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

आजी माझी बाही ओढत होती, "काय म्हणतो? काय म्हणतो?" मी सांगितलं. सगळ्यांसमोर, जसंच्या तसं. मिरानच्या तोंडून जो आवाज निघाला तो तुला ऐकू येत नाही याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आजीनं त्याला ओढून पोटाशी धरलं. "बोल माझ्या राजा, बोल. मी त्याची आई आहे, मी सांगते. आता बोल."

पोरानं तिच्या कुशीतून तोंड बाहेर काढलं आणि फोटोकडे बघितलं. तोंड उघडलं. आम्ही सगळी वाट बघत होतो. मग मिटलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीतच म्हणाला, "पण बाबांनी सांगितलं नाही."

आजी पुन्हा माझी बाही ओढायला लागली. हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

तुझी,
ब्रॉन्विन